दारातलं रडणं : बालवाडीत रुळण्याचा इतिहास



पत्रिकेवर 'पूर्वप्राथमिक शिक्षणाची वाटचाल' असं भारदस्त नाव छापलंय. मला मात्र बोलायचंय ते दारातल्या रडण्याबद्दल. जून महिन्यात सकाळी नवाच्या सुमाराला साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कुठल्याही बालवाडीच्या फाटकाशी उभे राहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आत एक मावशी मूल ओढतेय, बाहेर आई हात सोडवून घेतेय, आणि मूल दोघींच्या मध्ये. हे दृश्य इतकं ओळखीचं झालंय, की त्याला काही इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही. मूल शाळेत गेलं की रडणारच, असं आपण म्हणतो आणि घड्याळाकडे बघतो.

मीही तेच म्हणत होतो. माझी नात पावणेतीन वर्षांची असताना एका नर्सरीत घातली. शाळेचं नाव सांगत नाही, आणि ती काही जगावेगळी शाळाही नव्हे. पालकसभेत सांगितलं गेलं : "गेटवर सोडा, मागे बघू नका, तीन दिवसांत रडणं बंद होतं." आणि खरंच, चौथ्या दिवशी रडणं बंद झालं. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण त्याच आठवड्यात पोरीनं 'टाटा' करणं सोडलं. घरातल्या कुणीही चप्पल पायात घातली की ती खेळ टाकून यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. रडायची नाही, नुसती बघायची. दिवाळीपर्यंत हे चाललं. शाळेच्या वहीत शेरा होता, 'छान रुळली आहे'.

या 'रुळली' शब्दावर माझा जीव अडकला. रुळायचं कुणी? मुलानं शाळेशी, की शाळेनं मुलाशी? याचं उत्तर आपल्याकडे वेळोवेळी वेगवेगळं दिलं गेलंय.

सुरुवात जुन्या गावठी शाळेपासून करू. इंग्रज यायच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं पंतोजींची शाळा एखाद्या देवळात नाहीतर वाड्याच्या ओसरीवर भरायची. मूल सहा-सात वर्षांचं झालं की दसऱ्याला किंवा मुहूर्त बघून पाटीपूजन व्हायचं. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षरं काढायची, म्हणून धुळाक्षरं. पहिला धडा 'ओम् नमः सिद्धम्', त्याचा मुलांच्या तोंडी 'ओनामासीधं' झाला आणि कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीला आपण 'ओनामा' म्हणू लागलो. हे सगळं गोड. पण जुन्या माणसांच्या आठवणींत दुसरंही एक दृश्य येतं. पोरगं शाळेत आलं नाही की पंतोजी चार दांडगे विद्यार्थी पाठवायचे. दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि लोंबतं पोरगं गावातून मिरवत शाळेत आणायचं. यालाच उचलबांगडी म्हणतात. आज आपण हा शब्द साहेबांची बदली झाली की वापरतो. मूळ अर्थ हातपाय धरून उचलून नेणं. म्हणजे मूल शाळेत आणायची पद्धत काय होती, याचा पुरावा आपल्या भाषेनंच जपून ठेवलाय. आणि क्रियापद बघा ना. मूल शाळेत 'जातं' हे नंतर. आधी आपण ते शाळेत 'घालतो', पोत्यात धान्य घालावं तसं.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला घालायला मात्र शाळाच नव्हती. ते मूल कुठे असायचं? वाड्यात असेल तर आजी, आत्या, काकू. शेतावर असेल तर बांधावरच्या झाडाला बांधलेली झोळी. 'पूर्वी बरं होतं हो, एकत्र कुटुंब होतं' असं म्हणणारे भेटतात. थोडं थांबा. त्या झोळीला झोका कोण देत होतं? सात-आठ वर्षांची थोरली बहीण. गावातली पाळणाघरं तिच्या कडेवर चालायची. आईचा दिवस शेतात, बाळाचा ताईच्या कमरेवर, आणि ताईची शाळा कायमची बंद. हा हिशेब मनात ठेवा, पुढे तो एका बाईंनी अचूक ओळखलेला दिसेल.

इंग्रजी अमलात शाळा सरकारी झाल्या. सातारचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं. सांगलीकर पटवर्धनांचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं. राज्य कुणाचंही असो, पहिलीच्या खालचा वर्ग म्हणजे बिगरी. तिथे वय वर्षं चारपासून सातपर्यंतची सगळी पोरं एका खोलीत, आणि त्यांना सांभाळायला बहुधा मोठ्या वर्गांतून वेळ उरलेला मास्तर. बिगरीत शिकवायचं काय, यावर कुणी डोकं चालवल्याच्या फारशा खुणा नाहीत. पोरं गप्प बसली की झालं.

युरोपात तोवर डोकं चालवायला सुरुवात झाली होती. जर्मनीत फ्रोबेलनं 1840 मध्ये आपल्या संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिलं. रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरीनं 6 जानेवारी 1907 रोजी 'बालकांचं घर' उघडलं. ते 'घर' होतं, शाळा नव्हती, हे लक्षात घ्या. आणि ते मुलं राहत होती त्याच इमारतीत होतं. आया कामावर गेल्यावर मुलं जिन्यांत हुंदडतात, भिंती खराब करतात, ही इमारतवाल्यांची तक्रार, त्यातून ते सुरू झालं. म्हणजे माँटेसरीच्या पहिल्या मुलांना घरापासून शाळेपर्यंत फक्त जिना उतरायचा होता. आपल्याकडे साधनं आली, मनोरे आले, मण्यांच्या माळा आल्या. हा जिना मात्र वाटेतच राहिला.

आपल्याकडे हे वारं गुजरातेतून आलं. गिजुभाई बधेका हे वकील होते. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरी वाचलं आणि वकिली मागे पडली. 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू झालं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशावाली आई. थट्टेतलं नाव खरं, पण बालवाडीच्या दारात मुलाला नेमकं कोण हवं असतं ते त्यात आलंय. तिथे 1923 मध्ये ताराबाई मोडक दाखल झाल्या. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुखपदाची नोकरी सोडून आल्या होत्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. आज आपल्या गावागावांतून जी शिशुविहारं आणि बालकमंदिरं दिसतात, त्यांची आजी ही.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार मोठी वाटते. दादरचं शिशुविहार उत्तम चाललं होतं. शिकलेले पालक, स्वच्छ मुलं, साधनांनी भरलेली कपाटं. तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण माँटेसरीची साधनं महाग, आणि ज्या गरिबांसाठी ती पद्धत रोममध्ये जन्मली, ते गरीब दादरच्या फाटकाबाहेरच होते. ताराबाई 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. बरोबर अनुताई वाघ. त्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली आणि पहिला धडा त्यांनाच मिळाला. बालवाडी तयार, बाई तयार, मुलं येईनात. आईबाप पहाटे कामावर जाणार, मूल सोडायला येणार कोण? थोरल्या बहिणीच्या कडेवर तिसरं भावंड. मग ताराबाईंनी जे केलं ते सांगायला सोपं आहे. बालवाडी त्यांनी उचलली आणि पाड्यावर नेली. एखाद्याच्या घरापुढचं अंगण झाडलं, सारवलं, तिथेच मुलं जमवली, गाणी, गोष्टी, आंघोळ, खाऊ. एक मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यापाड्यांवर अंगणबालवाड्या. माँटेसरीच्या मण्यांऐवजी चिंचोके, शंखशिंपले, पानं, खडे. मूल आपल्याच अंगणात, आजी ओट्यावर बसलेली, मांजर तिथेच. मग त्यानं रडायचं कशाला? परकं कोण होतं? तर बाई. रुळायचं काम बाईंच्या वाट्याला आलं होतं.

उचलबांगडीपासून इथपर्यंत किती अंतर झालं बघा. तिथे मूल उचलून शाळेत आणत होते, इथे शाळा उचलून मुलाकडे नेली.

1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मघाशी झोळीचा जो हिशेब मी लक्षात ठेवायला सांगितला, तो हाच. बाळ पाळणाघरात गेलं तर ताई शाळेत बसू शकते, आणि मधल्या सुट्टीत बाळाला बघून येऊ शकते. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली. तिचं नाव कुरणशाळा. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा केंद्रांना जे नाव मिळालं ते 'अंगणवाडी'. आज अंगणवाडीला खोली असते, वर पत्रा असतो, नशिबानं फरशी असते. अंगण बहुतेक ठिकाणी गेलं. पण एक गोष्ट टिकली : सेविका त्याच गावची, त्याच वस्तीतली असावी असा दंडक आहे, आणि सकाळी घरोघर फिरून मुलं गोळा करणं हे मदतनीस ताईंच्या कामात धरलेलं आहे. ज्या बाईला मूल हळदीकुंकवाला, नळावर, जत्रेत बघतं, तिच्या मांडीवर बसायला त्याला तीन दिवसही लागत नाहीत. शहरातली झगझगीत नर्सरी कितीही फी घेऊन ही सोय देऊ शकत नाही. अंगणवाडीला नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावं.

आता आपल्या भागाकडे येतो. सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे मानायची आपल्याला सवय झाली, पण 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि त्याला 'सांगली' हे नाव 1960 मध्ये मिळालं. वळण एकच. शिक्षण म्हटलं की आपल्याला कर्मवीर आठवतात, 1919 चं काले, 1924 नंतरचं सातारचं वसतिगृह. तिथली मुलं मोठी, बालवाडीची नव्हेत, हे मान्य. पण घरापासून तुटलेलं मूल रुळवायचं कसं, हा प्रश्न तिथेही होताच, आणि तो लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावर घेतला. वसतिगृहासाठी दागिने मोडले हे आपण भाषणांत सांगतो. निरनिराळ्या जातींची पोरं एका चुलीवर जेवू घालून त्यांच्या आजारपणात उशाशी बसायला एक बाई होती, हे कमी सांगतो. बोर्डिंग टिकलं ते या दोन्हींवर.

बालशिक्षणाची आपल्या भागातली खरी गोष्ट मात्र फलटणची आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई साठच्या दशकात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन इथल्याच झाल्या. अभ्यास कशाचा? फलटणमधल्या बोलीचा. कोण 'पाणी' म्हणतं आणि कोण 'पानी', कोण 'नाही' आणि कोण 'न्हाई', कुठल्या जातीत, कुठल्या वयात, कुणासमोर. हे करता करता शाळेबाहेर राहिलेली दलित वस्तीतली मुलं त्यांना दिसली. त्यांच्यासाठी वर्ग सुरू झाले, त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन. कमलाबाई निंबकर याही जन्मानं अमेरिकन, भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू करणाऱ्या.

एका भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बालभवन काढलं हे मला योगायोगाचं वाटत नाही. तीन वर्षांचं मूल घरून काय घेऊन येतं? डबा, रुमाल, आणि भाषा. पहिल्या दिवशी ते धीर करून म्हणतं, 'बाई, पानी.' बाई म्हणतात, 'पानी नाही, पाणी म्हणावं.' संपलं. तहान लागली होती, व्याकरण मिळालं. ते मूल पुढचे पंधरा दिवस बोलत नाही, आणि आपण म्हणतो शांत आहे, रुळलंय. आपल्या जतच्या पूर्व भागात मूल घरी कन्नड बोलतं. त्याला पाणी म्हणजे 'नीरु'. बाईंना तो एक शब्द येत असेल तर अर्धी लढाई तिथेच संपते. विटा-खानापूर-आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या कुटुंबांचं उलटं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी ती देशभर पांगलीत. त्यांची लेकरं तामिळनाडूत नाहीतर केरळात नर्सरीला जातात आणि मे महिन्यात आजोळी येऊन मराठीत अडखळतात. तिथल्या बाईंनी त्यांना 'पाणी' म्हणू दिलं असेल का, असं आजीच्या मनात येतंच की.

आता माझ्या नातीकडे परत येतो, आणि त्यासाठी थोडं लंडनला जावं लागेल. 1952 मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा माहितीपट केला : दोन वर्षांची मुलगी आठ दिवस दवाखान्यात राहते, त्या काळच्या नियमाप्रमाणे आईबापांना भेटायची फारशी मुभा नाही. मुलगी आकांत करत नाही. हळूहळू गप्प होत जाते. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांच्या तीन अवस्था नोंदवल्या : आधी विरोध, मग निराशा, मग अलिप्तता. गंमत म्हणजे, गंमत कसली, वाईट म्हणजे, ही तिसरी अवस्था आली की दवाखान्यातले लोक म्हणायचे, मूल रुळलं. माहितीपट बघून अनेक डॉक्टर चिडले. पण पुढच्या काही वर्षांत मुलांच्या वॉर्डात आईला राहू देण्याची रीत तिकडे रुजत गेली, ती या चिडचिडीनंतरच. दवाखाना आणि बालवाडी एक नव्हे, तीन तास आणि आठ दिवस एक नव्हेत, हे मला कळतं. पण वहीतला तो शेरा वाचताना मला हीच तिसरी अवस्था आठवली.

बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात पाळणाघरांसाठी एक पद्धत बसवली गेली. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलाबरोबर वर्गातच बसतो, नुसता, कोपऱ्यात. ताटातूट नाही. चौथ्या दिवशी आई निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. मुलाला त्या बाईंनी समजावता आलं तर वेळ वाढवायचा, नाही आलं तर आणखी थांबायचं. आमच्याकडे चौथ्या दिवशी रडणं 'बंद' झालं, त्यांच्याकडे चौथ्या दिवशी आई पहिल्यांदा दाराबाहेर पडते. हे ऐकून एक पालक मला म्हणाले, "सर, आम्हाला एवढी रजा कोण देणार?" बरोबर आहे. आजोबांना विचारा. आम्ही रिकामेच असतो. मात्र चोरून पळू नका. सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळेला या. मूल घड्याळ ओळखत नाही, पण 'खिचडी खाल्ली की आजोबा येतात' हे ओळखतं.

मधल्या काळात आपण दारातला प्रश्नच बदलून टाकला होता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठ्या शहरांतून तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या. रंग ओळख, फळ ओळख, आईला इंग्रजी येतं का. मूल रुळेल का, हे राहिलं बाजूला, त्याला आत घ्यायचं का, हेच सुरू झालं. प्रा. यशपाल समितीनं 1993 च्या अहवालात अशा चाचण्यांवर बंदी घालायला सांगितलं. महाराष्ट्रात प्रा. राम जोशी समितीनं बालशिक्षणाचा विचार केला आणि 1996 च्या कायद्यानं बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला मनाई केली. असा कायदा झाला, हे आपल्याकडे किती पालकांना माहीत आहे? हात वर करा. ... चार. बरं. म्हणजे 'सहज गप्पा मारायला या' असा निरोप आला की काय विचारायचं ते उरलेल्यांनी या चौघांकडून समजून घ्या.

शेवटचा विषय. यावर मी मुद्दाम घाईनं बोलणार नाही.

दिवाळीच्या आगेमागे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडून, तसेच आपल्याच माण-खटाव, जत-आटपाडीकडून ऊसतोड कामगार येतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्याबरोबर दोन-तीन वर्षांचं मूल असतं. कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात जायचं, मूल पाचटावर निजवायचं. पाच-सहा महिने. हे मूल जूनमध्ये आपल्या गावच्या अंगणवाडीत जातं. जुलै-ऑगस्टात बाईंना ओळखू लागतं. ऑक्टोबरात गाणी म्हणायला लागतं आणि गाडीत बसतं. इथे आल्यावर ते कुणाच्याच पटावर नसतं. साखरशाळा झाल्या, काही कारखान्यांनी, काही संस्थांनी, काही वर्षं सरकारनं चालवल्या, पण त्या प्रामुख्यानं मोठ्या मुलांसाठी. अडीच वर्षांच्या मुलाला फडात सांभाळते ती पुन्हा तीच, सात-आठ वर्षांची ताई.

ताराबाईंचं उत्तर या मुलाला चालेल का, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांचं अंगण एका जागी होतं. इथे अंगणच हलतं, आज या शिवारात, उद्या त्या. पण कुरणशाळाही गुरांच्या मागे हललीच होती. कारखान्याच्या शेती खात्याकडे कुठली टोळी कुठल्या फडात आहे याचा रोजचा तक्ता असतो, कारण ऊस वेळेवर गाळपाला यावा लागतो. त्या तक्त्यावर टनेज असतं, वाहनाचा नंबर असतो. मुलांचा रकाना नसतो. तो एक रकाना काढला तर जवळच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना निदान कळेल, की आज मुलं कुठून गोळा करायची. त्यांचं मानधन वाढवावं लागेल, हेही लगेच सांगून टाकतो, कारण फुकटात बाईमाणसाकडून काम करून घ्यायची युक्ती आपल्याला फार लवकर सुचते.

मी इथे थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या आजीनं, पणजीनं शाळेतल्या पहिल्या दिवसाची आठवण सांगितली असेल, उचलबांगडीची, झोळीची, फडातली, तर ती मला लिहून द्या. या विषयाचे कागद फार थोडे आहेत, कारण ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांना तेव्हा लिहिता येत नव्हतं. आता प्रश्न घेऊ. लहान मुलं घेऊन आलेल्यांनी आधी विचारा, मागच्या रांगेत एकाला झोप आलेली मला मघापासून दिसतेय.